एका ब्रॅकेटची कैफियत

अकोला शहरात वाहन थांबविण्याचे काम बहुधा ब्रेककडे नसते. ते काम गांधी रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसलेली गाय करते, ताजनापेठेतली हातगाडी करते, कापसाच्या दिवसांत बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग करते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला म्हणजे भर दुपारी सूर्यनारायण स्वतः करतो, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल खांद्यावर घेऊन राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी कावडी निघाल्या म्हणजे तर सबंध शहरच जागच्या जागी उभे राहते. अशा गावात ज्याने सरकारी नोकरीत अव्वल कारकुनीपर्यंत मजल मारली, आणि चालते प्रकरण कोणत्याही यंत्रसामग्रीवाचून थोपवून धरण्याची विद्या ज्याला तिथे साध्य झाली, त्या मनुष्याने निवृत्तीनंतर ब्रेकच्या तळहाताएवढ्या तुकड्यासाठी तीन आठवडे मसलती कराव्या, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून ही कैफियत.

फटफटी मूळची आमच्या थोरल्या काकांची. काका मूर्तिजापुरास राहत, आणि गतीविषयीच्या त्यांच्या सर्व कल्पना शकुंतला रेल्वेने घडविलेल्या होत्या. मूर्तिजापुराहून एका अंगाला यवतमाळ व दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी तेव्हा जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी किलिक-निक्सन या विलायती कंपनीच्या कारभारातली. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. 'धावले' हे क्रियापद मी रूढीस मान देऊन वापरीत आहे. त्या गाडीस ब्रेक बसविण्याचा खर्च कंपनीने केला याचेच काकांना नवल वाटे, आणि त्याच न्यायाने आपल्या फटफटीचा पुढचा ब्रेकही त्यांनी हयातीत क्वचितच दाबला. वेशीपाशी आले की ते हातातली मूठ सैल सोडीत, आणि गाडी आपल्या मनाने हळूहळू विसावत विसावत बरोबर ओट्यापाशी येऊन उभी राही. चाळीस वर्षांत तो ब्रेक झिजला नाही. तो विसरला.

हे विस्मरण उघडकीस आले ते चिखलदऱ्याच्या घाटात. सौभाग्यवती मागे बसलेल्या, उतार चांगला, हवा थंड, आणि मी निसर्गाची स्तुती करण्याच्या बेतात असता परतवाड्याच्या बाजूच्या एका वळणावर ब्रेकची मूठ दांडीला जाऊन टेकली तरी गाडीला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. पुढे कडब्याने भरलेली एक बैलगाडी संथपणे चालली होती. आम्ही उभयतां तिच्या मागच्या बाजूने कडब्यात प्रविष्ट झालो. कडबा मऊ असतो, बैल क्षमाशील असतात, आणि गाडीवान मेळघाटातला असल्यामुळे अत्यंत सभ्य होता. त्याने मागे वळून एवढेच विचारले की, आणखी कोणी येणार आहे का.

घरी आल्यावर मी या घटनेचा पंचनामा केला. फटफटी रिकामी १८० किलो, वर आम्ही दोघे १४० किलो (या रकमेची उभयतांत वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न गृहशांतीस्तव तहकूब ठेवला आहे), एकूण ३२० किलो. हे ओझे ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता पूर्ण थांबवावयाचे, तर त्याच्या ठायी असलेली सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत दीडशे मिलिलिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत जाते. म्हणजे रस्त्यात आडव्या आलेल्या प्रत्येक म्हशीगणिक माझ्या चाकात एक कप चहा होत असतो. चिखलदऱ्यापासून पायथ्यापर्यंतची उतरण सुमारे सातशे मीटर. त्याच हिशेबाने तो पन्नास कपांचा बेत झाला. इंजिन आणि वारा यांनी आपापला वाटा उचलला तरी वीसपंचवीस पाहुण्यांची सोय व्हावी. जुना ड्रमब्रेक हा सारा चहा झाकण लावलेल्या डब्यात उकळतो. आतील अस्तर तापून गुळगुळीत होते आणि मूठ कितीही आवळली तरी पकड येत नाही. डिस्कब्रेकची तबकडी मात्र उघड्या वाऱ्यात फिरते आणि चालता चालता निवते.

ही युक्ती अगदी नवी आहे असेही नाही. इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या गृहस्थाने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु त्याने तबकडीला घासावयास तांबे योजले, आणि धातूवर धातू घासल्याने असा काही कर्कश ध्वनी निघू लागला की, वाहन थांबण्यापूर्वी रस्ताच मोकळा होत असे. पुढे अर्धे शतक लोटल्यावर १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्कब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि जगाची खात्री पटली. अकोल्यास ती पटावयास आमचे कडब्यातले पदार्पण घडावे लागले, इतकेच.

आमच्या भाच्याने, जो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे आणि म्हणून ज्याला सर्व ठाऊक आहे, भंगारबाजारातून एका नव्या जमान्याच्या गाडीची तबकडी आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर पैदा केला. तबकडी चाकाला बसली. कॅलिपर मात्र दुसऱ्या घराण्यातला असल्यामुळे त्याची भोके आमच्या फटफटीच्या पायाशी जुळेनात. दोघांची सोयरीक जुळविण्याकरिता मध्ये एक जाड पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, मुद्दाम घडवून घेणे प्राप्त झाले. दिसावयास ही वस्तू क्षुद्र. पण जोराचा ब्रेक लागला की तबकडी कॅलिपरला आपल्याबरोबर फरफटत नेऊ पाहते, आणि त्या ओढीचा सुमारे ३०० किलोंचा भार ही पट्टी एकटी झेलते. कापसाची गाठ १७० किलोंची. म्हणजे घरात शिरताना टोपी काढून ठेवण्यास जेवढी खुंटी लागते तेवढ्याशा वस्तूवर पावणेदोन गाठी टांगावयाच्या. तेव्हा ती पट्टी पोलादाची करावी की ॲल्युमिनियमची, हा वाद उपस्थित झाला, आणि आमच्या घरात तो वाद ऐकून घेण्यास कोणीच शिल्लक राहिले नाही, कारण सर्वजण बोलत होते.

प्रथम ऐकावयास हवे होते ते सौभाग्यवतींचे. ॲल्युमिनियमला आपल्याकडे 'जर्मन' म्हणतात. जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसता तो चांदी म्हणून खपला, आणि त्याच्यामागून आलेल्या या पांढऱ्या धातूने त्याचे अर्धे नाव लांबविले असावे. तर जर्मनचे नाव निघताच त्या म्हणाल्या, "अहो, जर्मनच्या गंजात कढी करत नाहीत, अन् तुम्ही त्याचा ब्रेक करता? स्टीलचा करा. चकचकीत राहतो, अन् नाव घालता येतं." वऱ्हाडात गंज म्हणजे पातेले आणि इतरत्र गंज म्हणजे तांबेरा, त्यामुळे 'जर्मनच्या गंजाला गंज चढत नाही' हे भाच्याचे प्रत्युत्तर शास्त्रशुद्ध असूनही स्वयंपाकघरात टिकले नाही. वस्तुतः दोघांचेही बरोबर होते. ॲल्युमिनियम हवा लागताच आपल्याच प्राणिदाची पातळ साय अंगावर ओढून घेते आणि तिच्याखाली सुरक्षित राहते. परंतु आंबट पदार्थ, मीठ आणि लोखंडी बोल्टाची ओली संगत यांपुढे त्या सायीचा निभाव लागत नाही. आणि स्टीलच्या चकाकीविषयी बोलावयाचे तर, मोटारीची तबकडी बिडाची असते, पण फटफटीची, जी चारचौघांच्या डोळ्यांसमोर उघडी फिरते, ती खरोखरच न गंजणाऱ्या स्टीलची करतात. फटफटीचे कारखानदार आणि आमची सौभाग्यवती यांचे एकमत झालेला हा एकमेव मुद्दा.

भाच्याचा पक्ष ॲल्युमिनियमचा. या पक्षात वजनाला फार महत्त्व. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन ७.८५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमचे २.७, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. "मामा, स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं पाहिजे. चाक रस्ता सोडत नाही मग," असे तो म्हणे, आणि ते खरे आहे. पण निसर्गाची थट्टा अशी की, ॲल्युमिनियमची ताठरताही पोलादाच्या एक तृतीयांशच असते. तेव्हा तितकाच ताठपणा हवा असेल तर पट्टी सुमारे दीडपट जाड करावी लागते आणि तिसऱ्या हिश्शाचे वजन निम्म्यावर येते. पोलादाचे ब्रॅकेट ४०० ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २००. निव्वळ बचत २०० ग्रॅम. ज्या रविवारी हा आकडा सिद्ध झाला, त्या रविवारी घरी रोडगे आणि वांग्याची भाजी होती. भाच्याने वजनाविषयीचे व्याख्यान चालू असतानाच चौथा रोडगा तुपात बुडविला, आणि गाडीच्या अंगावरून जे उतरावयाचे होते ते स्वाराच्या अंगावर त्याच बैठकीत जमा झाले.

तिसरा पक्ष आमच्या शेजारच्या फिटरबुवांचा. यांची हयात दालमिलमध्ये गेली. अकोल्यात दालमिली पुष्कळ, त्यामुळे हयातही सलग गेली. जगातील यच्चयावत पदार्थांचे ते दोन वर्ग करीत: बीड आणि लोखंड. ॲल्युमिनियम त्यांच्या लेखी धातूच नव्हे, तो दुधाच्या कॅनचा प्रकार. "तापलं का फुगते ते," एवढाच त्यांचा आक्षेप, पण तो वाटतो तितका अडाणी नव्हे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते: दहा सेंटिमीटरच्या पट्टीचे तपमान शंभर अंशांनी वाढले, तर पोलाद मिलीमीटरचा आठवा हिस्सा वाढते आणि ॲल्युमिनियम चौथा. आमच्या खेड्यांतला लोहार हे शास्त्र पुस्तकावाचून जाणतो. बैलगाडीच्या लाकडी चाकाहून किंचित लहान अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करून चाकावर चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. धाव आकसते आणि लाकूड असे आवळते की, गाडीवान म्हातारा होईतो सुटत नाही. हा झाला प्रसरणाचा सदुपयोग. पण पट्टी एका धातूची आणि बोल्ट दुसऱ्या धातूचे असले म्हणजे तेच प्रसरण रोज थोडेथोडे करून आटे सैल करण्यास कामी येते. त्यातून ॲल्युमिनियमचे आटे मुळात नाजूक. चारदा बोल्ट खोलला की पाचव्यांदा तो नुसताच फिरतो, एखाद्या तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या नव्या साहेबासारखा, कशातच न गुंतता.

खरा पेच पडला तो थकव्याच्या मुद्द्यावर. धातूसुद्धा थकतात, हे ऐकून मला आरंभी फार बरे वाटले. पोलादाच्या ठायी क्षमेची एक इयत्ता असते. तिच्या खालचा ताण त्याला कोट्यवधी वेळा द्या, तो मनावर घेत नाही. ॲल्युमिनियमला अशी इयत्ता नाही. ते प्रत्येक लहानसहान धक्क्याची नोंद ठेवते, आणि नोंदवही भरली की एके दिवशी, नोटीस न देता, तडकते. आमच्या नात्यात या धातूची दोन माणसे आहेत. लग्नकार्यांतून त्यांच्याशी संबंध येत असल्यामुळे अधिक लिहिता येत नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटली, त्याचे कारण हेच निघाले. प्रत्येक उड्डाणात आतला दाब भरे आणि उतरे, आणि त्या भरण्याउतरण्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्याला वरच्या खिडकीसारख्या झरोक्याच्या कोपऱ्यापासून तडा गेला. हे मी वाचून दाखविल्यावर सौभाग्यवतींनी ॲल्युमिनियमचे प्रकरण निकालात काढले होते. परंतु भाच्याने शांतपणे एवढेच निदर्शनास आणले की, ज्याला ही पट्टी बसवावयाची तो कॅलिपर स्वतः ॲल्युमिनियमचाच आहे, आणि तो कोणाच्याही संमतीवाचून वर्षानुवर्षे काम करीत आला आहे. जाडी भरपूर ठेवली, कोपरे गोल केले, छिद्राभोवती पुरेसे मांस ठेवले, तर ताण इतका कमी राहतो की नोंदवही भरण्यास सात पिढ्या लागतील. यावर घरात कोणापाशीच उत्तर नव्हते.

मी स्वतः या सर्व काळात कायद्याच्या बाजूने चिंतन करीत होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी कारखानदाराच्या मूळ तपशिलाचा मेळ बसणार नाही असा फेरफार मालकास करता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे कलम शब्दशः पाळावयाचे आहे असा फैसला दिलेला आहे. दाखला काढून पाहिला. त्यात रंग होता, इंजिनाचा क्रमांक होता, सांगाड्याचा क्रमांक होता. ब्रेकचा रकाना नव्हता. पण रिकाम्या वजनाचा होता! आता ब्रॅकेट पोलादाचे केले तर ते वजन ४०० ग्रॅमने वाढणार आणि ॲल्युमिनियमचे केले तर २०० ग्रॅमने. म्हणजे अपराध दोन्हीकडे, परंतु ॲल्युमिनियमचा अपराध निम्मा. हा युक्तिवाद मी मोठ्या अपेक्षेने मांडला. भाच्याने माझ्याकडे, फाटके कागद चिकटविण्यात आयुष्य गेलेल्या मनुष्याकडे पाहावे, तसे पाहिले.

शेवटी निर्णय होईना, म्हणून दोन्ही धातू विकत घेतले. सरकारी खरेदीत वाढलेल्या मनुष्यास हा मार्ग परका नव्हे. पोलादाची पट्टी आणि ॲल्युमिनियमचा दीडशे बाय शंभर बाय तीस मिलीमीटरचा ठोकळा. ठोकळ्याचे वजन १२१५ ग्रॅम भरले. त्याचा भाव ऐकून मला त्या तिसऱ्या नेपोलियनची आठवण झाली, जो म्हणे बहुमानाच्या पाहुण्यांस ॲल्युमिनियमचे काटेचमचे देई आणि इतरांची बोळवण सोन्याच्यांवर करी. विजेच्या साह्याने हा धातू गाळण्याची रीत १८८६ साली हॉल आणि एरू या दोघांना निरनिराळ्या देशांत एकाच वर्षी सापडली आणि तेव्हापासून तो स्वस्त झाला असे पुस्तकांत लिहिले आहे. पुस्तके लिहिणारांनी किलोच्या भावाने एकच ठोकळा कधी विकत घेतलेला नसावा.

हे सर्व साहित्य, भाच्याने काढलेली आकृती, आणि तिच्या बरहुकूम एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा कापलेला नमुना घेऊन आम्ही औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. मिस्त्री कामात होते. चकमध्ये कोणाच्या तरी पंपाचा दांडा फिरत होता, आणि त्याचा निळसर कीस कुरळ्या केसांसारखा खाली पडत होता. मी पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा वाद अथपासून निवेदन केला: कढी, रोडगे, धाव, कॉमेट विमान, कलम ५२. मिस्त्रींनी मशीन बंद केले, हात पुसले आणि सबंध कैफियत ऐकून घेतली. मग पुठ्ठ्याचा नमुना उलटसुलट करून पाहिला. त्यावर मागल्या बाजूस कोणाचे तरी शुभमुहूर्त छापलेले होते, तेही वाचले.

"काकाजी, धातूचं मंग पाहू," ते म्हणाले. "जागा किती हाय?"

"कसली जागा?"

"हे पट्टी जिथं बसन, तिथली. आऱ्याच्या अन् कॅलिपरच्या मधातली. मोजली काय कोनं?"

मी भाच्याकडे पाहिले. भाचा विमानाच्या इतिहासात गढलेला दिसला. मिस्त्री व्हर्नियर घेऊन बाहेर आले, फटफटीपाशी उकिडवे बसले, चाक अर्धा वेढा फिरवून चार ठिकाणी माप घेतले आणि तिथूनच म्हणाले, "धा एमएम. त्यातले दोन मोकये सोडा लागतीन, नाई त आरे घासतीन. रायले आठ."

आठ मिलीमीटर! भाच्याच्याच आकृतीत पोलादाची जाडी आठ मिलीमीटर लिहिलेली होती. आणि तितकाच ताठपणा यावा म्हणून त्याच्याच हिशेबाने ॲल्युमिनियम पाहिजे होते साडेअकरा. दहाच्या जागेत साडेअकरा. तीन आठवड्यांच्या मसलतींत ज्यांचा ज्यांचा उल्लेख झाला, ती उष्णता, तो थकवा, ते आटे, ती कढी, यांपैकी एकाचीही साक्ष न काढता प्रकरण निकाली निघाले. धातूंच्या गुणदोषांचा प्रश्नच आला नाही. एकाला राहावयास जागा होती आणि दुसऱ्याला नव्हती.

"इंजिनेर हाय काय हा?" मिस्त्रींनी भाच्याकडे बोट करून मला विचारले. मी तिसरे वर्ष म्हणून सांगितले. "मंग चालते," ते म्हणाले. "चौथ्या वर्साले मोजाले शिकवत असतीन." भाच्याने आक्षेप घेतला की, कॅलिपर थोडा बाहेर सरकविला, त्याच्या अंगाला खोबण केली, तर ॲल्युमिनियमही बसू शकेल. मिस्त्रींनी मान डोलावली. ते शक्य आहे, असे ते म्हणाले. फक्त मग तबकडी मधोमध राहणार नाही, तिला वायसर द्यावे लागतील, वायसर दिले की चाक सरकेल, चाक सरकले की मडगार्ड. "अन् मंग घर सरकवा," असा त्यांनी समारोप केला आणि पोलादाची पट्टी उचलली.

काम दोन तासांत झाले. कोपरे मिस्त्रींनी न सांगता गोल केले. छिद्रे आधी बारीक ड्रिलने आणि मग मापाची केली. कडांवरची धार कानशीने काढली आणि अंगठा फिरवून पाहिला. ब्रॅकेटचे वजन ४१० ग्रॅम भरले. रंग काळा दिला आहे. सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव आतल्या बाजूस, जिथे कोणासही दिसणार नाही, तिथे माझे नाव आणि साल घातले आहे. पुढल्या आठवड्यात पातूरच्या घाटात उतरताना मी सहा वेळा ब्रेक दाबून पाहिला आणि सहाही वेळा गाडी थांबली. सातव्या वेळी मागून आज्ञा झाली की, आता पुरे, थांबायला नाही, घरी जायला निघालो आहोत.

ॲल्युमिनियमचा ठोकळा दुकानदाराने परत घेतला नाही. चैत्रवैशाखात आमच्याकडे दुपारची वावटळ उठते आणि पुढचे दार भिंतीवर आपटते, म्हणून तो सध्या दाराशी अटकाव म्हणून ठेवला आहे. तो हलका पडतो. त्याच्यावर वरवंटा ठेवावा लागतो.